पाण्यावर कोण

सोम. ३ नोव्हें.
सर पुण्याच्या कॉन्फरन्सहून नवं खूळ घेऊन आलेत. मुतखड्याच्या ऑपरेशनला आपण पाणी फार जोरात सोडतो म्हणे. दुर्बिणीतून धूसर दिसलं की सर "पाणी!" ओरडतात आणि पाण्यावर जी सिस्टर असेल ती सलाईनच्या पिशवीभोवतीचा पट्टा पंप दाबून आणखी फुगवते. इतकी वर्षं हेच. आता म्हणतात, जोर वाढला की किडनीतली घाण रक्तात जाते, म्हणून काही पेशंट संध्याकाळी हुडहुडी भरून तापतात. आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर येणाऱ्याकडे बघा. पटलं. पण हाताची सवय जायची कशी?

बुध. ५
नवा नियम. पट्ट्याचा जोर दाखवणाऱ्या तबकडीवर लाल चिकटपट्टी, काटा त्यापुढे न्यायचा नाही. सर : "मी ओरडलो तरी नाही म्हणायचं." आम्ही सगळ्या एका सुरात, "हो सर." सरांनी कपाळाला हात लावला.

शुक्र. ७
जेवणाच्या सुट्टीत तालीम. ढोबळी मिरची म्हणजे किडनी. आमची टेक्निशियन रेहाना, तिने आत खडा म्हणून खडीसाखर घातली. दुर्बीण गेली, पाणी सोडलं, खडा विरघळून गायब. सर आपले शोधतायत. "एवढं सोपं असतं तर मी कधीच दुकान बंद केलं असतं." हसून हसून पोट दुखलं.
मग चिंचोका घातला. जोर वाढवला तर मिरची देठाकडून फाटली, पाणी थेट सरांच्या चष्म्यावर. पाणी बाहेर आणणारी नळी जाड घेतली तर कमी जोरातही लख्ख दिसलं. एवढ्यात सर मुद्दाम ओरडले, "पाणी!" रेहानाचा हात पंपावर. माझा तिच्या हातावर, मदतीला. सगळ्या नापास.

रवि. ९
सासूबाई येवल्याहून आल्या. गुरुवारी त्यांचंच ऑपरेशन. जन्मभर पैठणीच्या मागावर बसल्या, उठावं लागू नये म्हणून पाणी प्यायच्या नाहीत, तो हा खडा. मागच्या महिन्यात इन्फेक्शनने ॲडमिट होत्या, म्हणजे यांना पाण्याचा जोर अजिबात चालायचा नाही.
"तू आत ऱ्हाय, नायतर मी टेबलावर चढायची नाय."
सर आधी म्हणाले घरचं माणूस आत नको. मग म्हणाले, बरं, पाण्यावर राहा. हो म्हटलं खरं, पण धाकधूक आहे.

गुरु. १३
खडा मोठा निघाला. फोडताना रक्त आलं, पडदा लालभडक. "पाणी!" काटा पट्टीला टेकलेला. माझा हात पंपावर पोचलासुद्धा होता.
"नाही सर."
"सिस्टर, मला दिसत नाहीये."
"नाही सर."
सरांनी दुर्बीण थोडी मागे घेतली, पाणी वाहू दिलं. निवळलं, परत लाल झालं. असं बरेचदा. शेवटी थांबले, लघवी अडू नये म्हणून आत स्टेंटची बारीक नळी ठेवली. खड्याचा एक तुकडा राहिला. हात धुताना म्हणाले, "बरोबर केलंस." चेहरा मात्र पडलेला. माझाही.

शुक्र. १४
ताप नाही! हुडहुडी नाही! आईंचा दुसरा चहा झाला, पहिला पाणचट होता म्हणून.
राहिलेल्या तुकड्याचं आणि सरांना नाही म्हटल्याचं मीच सांगितलं.
"म्हंजी परत झोपावं लागंल?"
"हो."
"तुझ्यामुळं?"
"हो."
भिंतीकडे तोंड करून पडल्या. फार वाईट वाटलं. जोर दिला असता तर तुकडा निघाला असता? का आज ताप भरला असता? सरांना विचारलं, म्हणाले, दोन्ही झालं असतं.

सोम. १७
डिस्चार्ज. आई शुक्रवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलतायत, नर्स म्हणून हाक मारतात, सून म्हणून नाही. सर राउंडला आले. उरलेला तुकडा पुढच्या महिन्यात काढू म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "त्या वेळी पाण्यावर दुसरं कुणी ठेवू. तुला त्रास होतो." मी सुटल्यासारखी मान हलवली.
आई पिशवीत डबा भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिलाच ठेवा, डॉक्टर. बाकीच्या तुम्हाला लय भेतात."
मीही भिते, हे दोघांनाही ठाऊक नाही. सर उत्तराची वाट बघत उभे राहिले, शेवटी पुढच्या खाटेकडे गेले. मी अजून हो म्हटलेलं नाही.