एक फेज गेलेलं घर

नाना, उद्या सकाळी पोरीची परीक्षा आहे आणि ती म्हणते, या वर्षी राहू द्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की धुळ्यातल्या तुमच्या वर्कशॉपच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, तरी काही अडलं की माझं तोंड अजून तिकडेच वळतं. इथे जळगावात माझं बरं चाललंय. विहिरीवरच्या पाण्याच्या नव्या मोटरी विकतो, जळालेल्यांत नवी तार भरून देतो, गिऱ्हाईक आलं की आधी चहा आणि मग भाव, हे तुमचंच शिकवणं. चार लोक शेठ म्हणतात. पण आज दुपारी शटर अर्धं ओढून बसलोय. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडलाय, आणि शेठला स्वतःच्या घरी जायचा धीर होत नाही.

परीक्षा वकिलीच्या कॉलेजच्या प्रवेशाची आहे, बारावीनंतर पाच वर्षांचा जो कोर्स असतो त्याची. हे खूळ माझं नाही. पोरगी शाळेत होती तेव्हा फैजपूरचा एक केळीवाला जळालेली मोटर घेऊन माझ्याशी भांडायला आला होता. वॉरंटीत बदलून द्या म्हणून अख्खं दुकान डोक्यावर घेतलं त्याने. ही कोपऱ्यात डबा खात बसलेली. तोंडातला घास गिळून म्हणाली, "काका, विहिरीतलं पाणी आधी आटलं की मोटर आधी बंद पडली?" कोरड्या विहिरीत चालवून जाळलेली मोटर वॉरंटीत बसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो हसायलाच लागला, "शेठ, ही कोण बसवलीय तुम्ही? वकील का?" गल्ल्यावर हिची आई होती. ती म्हणाली, "हिला वकीलच करा हो, नाहीतर जन्मभर आपल्या दोघांशीच भांडत बसेल." भांडायला आता मी एकटाच उरलोय, नाना. या हिवाळ्यात हिची आई गेली. दवाखान्यातून घरी येईल असं शेवटपर्यंत वाटत होतं. पोरीने त्यातच बारावीचे पेपर दिले. कसे दिले ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

तेव्हापासून ती रोज पुस्तक घेऊन बसते. मोठ्याने वाचते, लहानपणापासूनची सवय. मी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून ऐकतो. आवाज सारखा येतो, कुठे अडत नाही, कुठे चढत नाही, कुठे चिडत नाही. पूर्वी एखादा प्रश्न पटला नाही तर पुस्तकालाच शिव्या घालायची. "पप्पा, पाच ओळी वाचते आणि पहिली कुठे जाते कळत नाही," असं परवा म्हणाली. त्यात पिंपळनेरहून तिचा मामा येऊन बसलाय. माणूस वाईट नाही, बहिणीसाठी रडून डोळे सुजवून घेतलेत त्याने. पण म्हणतो काय, "ताई गई, आते घर कोन देखी? पोर वरीसभर घरमा राहू द्या. तवलोंग मी एखादं चांगलं ठिकान देखस." ठिकाण म्हणजे स्थळ. आत पोळपाटावर पोरीचं लाटणं फिरत होतं ते थांबलं, ते मी ऐकलं. वर्षभर थांब म्हटलं तर हे घर तिला गिळून टाकेल, हे मला दिसतंय. आणि ढकलून बसवली आणि उद्या तिथे कोरा पेपर देऊन उठून आली, तर ती पुन्हा पुस्तक हातात धरेल का, हेही मला माहीत नाही. दोन्हीकडे आडच आहे, नाना, विहीर कुठेच नाही.

तुमच्याकडे काम शिकायला येऊन मला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट आठवते. साक्री रस्त्यावरच्या जवळच्याच खेड्यातला एक शेतकरी बैलगाडीत मोटर घालून येतो. चालतच नाही म्हणतो, खोला, नवी तार भरा. मी जोडून बटण दाबणार, तर तुम्ही त्याला विचारता, तिकडे काय आवाज करत होती? तो तोंडाने हुंऽऽ करून दाखवतो आणि म्हणतो, "काडी घालीसन पंखा फिराडा ना, म्हंजे चालस थोडी." तुम्ही कपाळावर हात मारता. सगळे हेच करतात. तीन फेजच्या मोटरला विजेच्या तीन तारांपैकी एक मेली, दोनच फेज आल्या की ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. मग हे लोक मागून काडीने पंख्याला गती देतात. ती बिचारी फिरतेही, आणि फिरता फिरता आतून जळते. मी तोवर पान्हा घेऊन मोटर उघडायला बसलेला. तुम्ही माझ्या हातावर फटका मारला. अजून लागतो तो. "ठेव पयले! मोटरले काही व्हयेल नही. बाहेर देख." संध्याकाळी त्याचा निरोप आला, डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एका फेजचा फ्यूज उडालेला होता; मोटर ठीक होती.

मीही काडी घातली, नाना. गेल्या आठवड्यात तिला म्हटलं, "तुझ्या आईची इच्छा होती गं." त्या दिवशी ती दिवसभर पुस्तकावरून उठली नाही. संध्याकाळी मोरीत जाऊन ओकली. मग मी घाबरून उलटं फिरलो. राहू दे, पुढच्या वर्षी दे, परीक्षा काही पळून जात नाही, असं अगदी मजेत म्हटलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं कसलं, ऐकलं. कान माझेच आहेत तिला.

आज सकाळी मला वरण वाढताना तिने विचारलं, "पप्पा, मी पुण्याला कॉलेजला गेले तर तुमच्या जेवणाचं काय?" मी मोठ्याने हसलो. "का, जळगावातल्या शेवभाजीच्या खानावळी बंद पडल्या का?" ती हसली नाही. "मग काल तुम्हाला आईच्या ताटात कशाला वाढायला लावलंत?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. परीक्षा राहू द्या, हे त्यानंतर आतूनच सांगितलं.

इतके दिवस मी पोरीला कान लावून बसलो होतो, तिचं काय बिघडलंय म्हणून. मोटरला काही झालेलं नाही. बाहेर बघ, तुम्ही म्हणाला होतात, आणि बाहेर मीच बसलेला. दे म्हणतो तेव्हाही माझा आवाज गुणगुणतो, नको देऊ म्हणतो तेव्हाही. मला ती जायला नको आहे, नाना. रिकाम्या घरात कुलूप उघडून शिरायची मला भीती वाटते. हे तिला माझ्या आधी ऐकू आलं आणि तिने परीक्षाच बाजूला ठेवली.

मघापासून मी इथे एकटाच म्हणून बघतोय. "बेटा, तू खुशाल जा." नाही जमत, हुंऽऽ येतो. "माझी काळजी करू नकोस." त्यातही येतो. शेवटी म्हटलं, "मला तू जायला नको आहेस. भीती वाटते मला. पण ती माझी आहे, तू उद्या जाऊन पेपर दे." आवाज फुटला, पण गुणगुण नव्हती. हेच घेऊन घरी जातो. ती तरीही नको म्हणाली तर तेही ऐकेन, कारण ते मग तिचं असेल.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, इथेच जुन्या तारांच्या खोक्यात राहील. आणि ती "बरं, देते" म्हणाली, तर मी हसेन, नाना. त्या हसण्यात थोडी गुणगुण असेलच, तेवढ्याकडे तुम्ही कान देऊ नका.