बेकरीचा दिवस

दादा, तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला काही विचारावं असं मला फारसं कधी वाटलं नाही. घराचं, रानाचं, माझ्या लग्नाचं, सगळं तुम्ही असतानाच ठरवून टाकलं होतं, आणि जे राहिलं ते आईने ठरवलं. वडिलांना काही विचारायचं असतं ही सवयच मला लागली नाही. आता मात्र अशी वेळ आली आहे की आख्ख्या सांगलीत तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. आई जेवत नाही.

ती सध्या माझ्याकडेच असते. आष्ट्याच्या घरी न्हाणीत पाय घसरून पडली तेव्हापासून. हाड जुळलं, काठी घेऊन चालते, पण तिचं मन मागेच कुठेतरी राहिलं आहे. मला ओळखते, जावयांना पाहून डोक्यावर पदर घेते, आणि मधेच विचारते, "म्हशीची धार काढली का गं?" म्हैस विकून जमाना झाला. त्याचं मला काही वाटत नाही, मी धार काढली म्हणून सांगून टाकते. पण महिन्याभरापासून तिने ताट लोटायला सुरुवात केली. पिठलं केलं, शेवया केल्या, तिच्या आवडीचा दहीभात केला. दोन घास लहान मुलासारखे गालात धरून ठेवते आणि पदरात काढून टाकते. मिरजेचे डॉक्टर तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी तिला विचारलं, "आज्जी, जेवत का नाही?" तर ही म्हणते, "जेवतीया की. हिलाच दिसत न्हाई." बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, पुढच्या वेळी आणाल तेव्हा वजन आणखी उतरलेलं असेल तर नाकातून नळी घालावी लागेल. मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या.

आणि आई मागत होती, असं मला वाटलं. ताट पुढे केलं की रोज एकच विचारायची, "आज बेकरी हाय न्हवं?"

आपल्या घरात बेकरी हा एक दिवस असायचा, हे मी माझ्या मुलांना किती वेळा सांगितलं, त्यांना खरं वाटत नाही. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात आई घरच्या तुपात गव्हाचं पीठ आणि पिठीसाखर मळायची, तो गोळा मोठ्या डब्यात भरायची, आणि तुम्ही तो डबा घेऊन एसटीने सांगलीला जायचात. भट्टीवाला फक्त थापून भाजून द्यायचा. आष्ट्यात काय बेकरी नव्हती? होती. पण तुम्ही मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, तुम्हाला यार्डाजवळचीच भट्टी हवी. एका वर्षी तुम्ही डबा ठेवून कामावर गेलात आणि डबे बदलले. कुणाची तरी वेलदोडे घातलेली, तोंडात विरघळणारी बिस्किटं आपल्या घरी आली. आम्ही पोरांनी ती दोन दिवसांत फस्त केली आणि आई आठवडाभर म्हणत राहिली, "माझं तूप कुनाच्या पोटात गेलं आसंल?" तेव्हापासून तुम्ही बेकरीच्या दिवशी रजा टाकून डब्याजवळ बसायला लागलात.

म्हणून मला वाटलं, सापडलं. हिला बिस्किटं हवीत. मी स्कूटी काढली आणि सांगली पालथी घातली. आधी विश्रामबागेतल्या काचेच्या दुकानात गेले, तिथे हातमोजे घातलेल्या मुलीने चिमट्याने कुकीज उचलून दिल्या. आईने त्यातला चॉकलेटचा तुकडा जिभेवरून काढून बोटावर ठेवला आणि म्हणाली, "पीठ चाळलं न्हाई व्हय?" गावभागातून खारी आणली. तिचे पापुद्रे तिने एकेक सुटे केले, बराच वेळ त्यात रमली, पण तोंडात एकही घातला नाही. खणभागात टोस्टवाल्याला मी सगळी कहाणी सांगितली, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. तो बिचारा म्हणाला, "ताई, चहात बुडवून द्या. माझी आई शेवटी शेवटी त्येच खायाची." त्याचं ते शेवटी शेवटी ऐकून मी टोस्ट तिथेच विसरून आले आणि परत जाऊन घेऊन आले. मिरज स्टेशनाजवळ नानकटाई भट्टीतून निघत होती, इतकी सुरेख की अर्धी मीच रस्त्यात उभी राहून खाल्ली. आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं वजन उतरत होतं आणि माझं चढत होतं. घरात हे म्हणाले, आता तू एखादी बेकरीच टाक. मी हसले, आणि मग आत जाऊन रडले, कारण सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं आणि मी हात टेकले होते.

शेवटी यार्डाजवळची तुमची भट्टी शोधून काढली. आहे अजून, लाकडावरचीच, काळीकुट्ट. मालक नवे आहेत, म्हणजे जुन्यांचे चिरंजीव, तेही आता साठीचे. मला वाटलं होतं त्यांना तुम्ही आठवाल. मी वर्णन केलं, पांढरा लेंगा, बाह्यांना कायम हळद, मांडीला डबा लावून बसायचे. ते म्हणाले, "ताई, दिवाळीत हितं पाय ठेवाया जागा नसायची. डबं आठवत्यात, मानसं कुठं आठवायची?" पण मग म्हणाले, "पीठ मळून आना. भाजून देतो. आता कोन आनतंय, घरोघरी ओव्हन झाल्यात." तूप किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. आईला विचारलं, तर म्हणाली, "मला काय इचारतीस? मळनाऱ्या बाईला इचार." मी अंदाजानेच मळलं, डबा घेऊन गेले, आणि तुमच्यासारखीच डब्याजवळ बसून राहिले.

बिस्किटं थोडी कडक झाली, पण वास तोच होता. घरी आणून मी डबा आईच्या पुढ्यात उघडला आणि दादा, ती हसली. तिने वाकून वास घेतला, एक बिस्किट हातात घेऊन उलटंपालटं केलं, भाजलेली बाजू बघितली. मग तिने ते परत डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"ठेव. त्येस्नी येऊ द्यात."

"कुणाला?"

"आगं, आज बेकरी न्हाई का? तुझं दादा उपाशी बसल्यात तिकडं. त्ये आल्याबिगर मी कवा जेवलीया?"

मी किती मूर्ख! महिनाभर खारी आणि टोस्ट घेऊन फिरले. तिला बिस्किट नको होतं, चहा नको होता, काहीच नको होतं. ती नेहमीप्रमाणे तुमच्यासाठी थांबली होती. आणि तिच्या डोक्यात आता रोजच बेकरीचा दिवस आहे, तुम्ही रोजच सकाळच्या एसटीने गेलेले आहात आणि रोजच यायचे आहात.

तुम्ही गेलात हे तिला सांगून बघू का, असं मनात आलं. मागे एकदा सांगितलं होतं, तेव्हा तिने जो हंबरडा फोडला तो पुन्हा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. ताट समोर निवत होतं. माझ्या तोंडून गेलं, "आई, दादा तिथंच जेवले."

"कुठं?"

"यार्डाजवळ. खानावळीत."

आईचा चेहरा असा पडला की मला वाटलं, हंबरडा बरा होता. "मला सोडून?" असं तिने अगदी हळू विचारलं. मी होकाराची मान हलवली. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "आन हिकडं." आणि जेवली. रागाने जेवली, भाकरीचे कचाकच तुकडे मोडत होती, पण जेवली.

मला तेव्हा ती दुपार आठवली. मी सातवी-आठवीत असेन, हट्टाने तुमच्याबरोबर भट्टीवर आले आहे. घामाने तुमचा सदरा पाठीला चिकटला आहे. मी कुणाच्या तरी डब्याचं झाकण उघडते आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारता, "लोकांच्या घरचं हाय ते." मग मला रडू येतं म्हणून क्रीमरोल घेऊन देता. भट्टीवाला तुमच्यापुढे गरम पाव आणि चहा ठेवतो, म्हणतो, "दिवानजी, खावा की, सकाळधरनं बसलाईसा." आणि तुम्ही पाव माझ्याकडे सरकवून म्हणता, "नगं. घरात वाट बघत आसंल." दिवस मावळताना आपण आष्ट्याला पोचतो, आई दोन ताटं वाढते, आणि तुम्ही दोघं एकदमच जेवायला बसता. तुम्ही तिला सोडून कधीच जेवला नाहीत. हे मला माहीत आहे आणि तिलाही आजवर माहीत होतं.

आता रोज दोन वेळा मी तुमचं नाव खराब करते. सकाळी तुम्ही अडतीवर जेवलेले असता, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी. बाकी सगळं ती विसरते, हे विसरत नाही. सोमवारी तिला घेऊन मिरजेला गेले तर वजन थोडं वाढलेलं होतं. डॉक्टर खूश झाले, "काय जादू केलीत?" म्हणाले. काय सांगणार? तुम्हालाच विचारायचं होतं की मी दुसरं काय करायला हवं होतं. तिला उपाशी ठेवायची का, नळी घालू द्यायची का, की असंच चालू द्यायचं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही हे वाचून हसला असता की जेवणावरून उठला असता ते मला अजून कळत नाही.

आज तिने दूधभाकरीची वाटी संपवली. तोंड पुसता पुसता मला जवळ बोलावून म्हणाली, "आलं तरी दार उघडू नगंस त्येस्नी. ऱ्हाऊ द्यात भायेरच."

दादा, मी बरं म्हणाले.