अमावास्येला बंद असलेला माग

मी, शालूबाई निवृत्ती जुमडे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, व्यवसाय घोंगड्या विणणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून घेत आहे. आजवर माझ्या प्रत्येक कागदावर "घरकाम" असे लिहिले गेले. हे लिहून देणाऱ्या देवानंद सरांनीही आधी तेच लिहिले होते, मी खोडायला लावले. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

१. राहते घर मुलगा ज्ञानेश्वर याला द्यावे. तो पुण्याला असतो, त्याला विकायचे असेल तर खुशाल विकावे. पोस्टातली ठेव त्याने आणि मुलगी पुष्पांजली हिने निम्मी निम्मी घ्यावी. पितळी भांडी सून प्रेरणा हिला. पोरगी गुणाची आहे, पण वरणात गूळ घालते. आता माझे काय जाते, घालू दे.

२. माझे पती निवृत्ती यांना २००९ साली उत्कृष्ट कारागीर म्हणून मिळालेले मानपत्र ज्ञानेश्वरने ठेवावे. ते मला नको. ज्या घोंगडीला ते मिळाले, ती मी विणली होती.

हे कलम नीट लिहा सर, काही गाळू नका.

आमच्यात बाईने लोकर पिंजायची, सूत कातायचे, सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजवायची. खड्ड्यात पाय सोडून मागावर मात्र पुरुषानेच बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "बाईनं खड्ड्यात पाय टाकला का माग मरते." सासूबाईंबद्दल आणखी बरेच सांगायचे होते, पण मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत असे सर म्हणतात.

१९९४ साली ह्यांचे हात थरथरू लागले. हातात आडवे सूत ओवायचा धोटा ठरेना. घरात खाणारी तोंडे चार. मी दार लावून मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि पुढची बावीस वर्षे विणत राहिले. ज्ञानेश्वर चिखलीला वसतिगृहात, तो सुट्टीत आला की माग बंद. पुष्पांजली आठ वर्षांची होती. तिला उंबऱ्याबाहेर बसवायचे, कोणी येताना दिसले की तिने खोकायचे. आज तिचे लग्न होऊन पंधरा वर्षे झाली, तरी माहेरी आली की दाराशी आधी खोकते.

२००९ च्या त्या बक्षिसाआधी निवड करणारे साहेब लोक माग चालताना बघायला आले. हे घाबरले आणि म्हणाले, "आज अमावास्या हाय साहेब. अमावास्येले आमच्यात माग चालत नाही." साहेबांनी ते वहीत टिपून घेतले. पुढे ते पुस्तकात छापून आले आणि ज्ञानेश्वर आता पाहुण्यांना कौतुकाने सांगतो की आमच्या घराण्याची ही जुनी परंपरा आहे. अशी कोणतीही परंपरा आमच्या घरात नव्हती. अमावास्येला मी दोन हात जास्तच विणत असे.

हे आजारी असताना मी म्हटले, "आता तरी पोराले खरं सांगा." हे म्हणाले, "सांगन. बरा झालो का सांगन." ते बरे झाले नाहीत. २०१६ साली गेले आणि त्या दिवशी माझाही माग गेला. मेलेल्या माणसाच्या नावावर विणता येत नाही. दिवस झाल्यावर मी ज्ञानेश्वरला सगळे सांगितले. तो माझा हात धरून म्हणाला, "आई, बाबा गेल्याचं दुःख झालं तुले, म्हणून असं बोलून राह्यली."

३. माग, धोटे, पायाने दाबायच्या पावड्या आणि चरखा पुष्पांजलीला द्यावेत. मी तिला कातायला शिकवले, विणायला शिकवले नाही. भीतीपायी तिला बाहेर बसवले. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. आता माझ्याने शिकवणे होत नाही. तिने माग जळणाला लावला तरी माझी हरकत नाही.

४. मागावर अर्धी राहिलेली घोंगडी ज्ञानेश्वर "बाबांची शेवटची घोंगडी" म्हणून एका संग्रहालयाला देणार आहे. ती माझी आहे. ज्ञानेश्वरा, पाटीवर "विणणार शालूबाई" एवढे लिहिणार असशील तर दे. लाज वाटत असेल तर मागावरून कापून माझ्या अंगावर टाक आणि माझ्यासोबत जाळ. काय करायचे ते तिरडी उचलण्याआधी ठरव.

आज सकाळी मी नऊ वर्षांनी मागावर बसले. ताण्याला कसर लागली आहे, सूत तीनदा तुटले. वीतभर विणले आणि हात गळाले. दार सताड उघडे होते.

ठिकाण: वडनेर भोलजी
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार, कार्तिक अमावास्या

(सही) शालूबाई निवृत्ती जुमडे

साक्षीदार:

१) देवानंद भाऊराव वानखडे, सेवानिवृत्त शिक्षक. वरील मजकूर मी लिहिला, शालूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

२) सिंधूताई भागवत इंगळे, शेजारीण. शालूबाईनं माह्यासमोर सही केली. आमची दोघींची भित एकच हाय. निवृत्तीभाऊ माह्या ओट्यावर चहा पेत बसलेले राहत, अन् भितीमांगं माग वाजत राहे. बावीस साल मले मालूम होतं. कोणी इचारलं नाही, अन् मी सांगतलं नाही. (सही)