उडालेला वाडगा

प्रिय वहिनी,

कागद घेऊन बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. तुझी नि दादाची फारकत होऊन वर्ष उलटलं, तेव्हा 'वहिनी' म्हणायचा हक्क उरलाय की नाही, कोण जाणे. पण दुसरी हाक जिभेवर येतच नाही. चालवून घे.

दादा नव्या नोकरीच्या गावी रमलाय, फोनवर आवाज मोकळा लागतो. तूही बहिणीकडे मजेत आहेस, फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना गोड बोलून गुंडाळतेस, असं कानावर आलं. वेगळे झाल्यापासून दोघंही माणसांत आलात, असं मी एकदा आईसमोर बोलून गेले आणि अबोला ओढवून घेतला. तिचा राग तुला ठाऊक आहेच. वर्षभर या घरात तुझं नाव निघालं नाही.

आता शेडमधली गंमत ऐक. लेथवर लाकूड कातायचं मी आणि वर लॅकर चढवून चमकवायचं तू, अशी आपली वाटणी. तू गेलीस आणि माझं पितळ उघडं पडलं. आकार फक्कड, चकाकीच्या नावानं बोंब! दमट हवेत लॅकर मारला की दुधाळ डाग. घाईनं बफच्या चाकावर घासला की उष्णतेनं कच्चा थर सायीसारखा गोळा व्हायचा. कडा तर अशा घासल्या जायच्या, की खालचं लाकूड दात दाखवायचं. तू वाडगा नाकाशी नेऊन म्हणायचीस, "अजून वास येतोय, सुकला नाही, राहू दे." मला वाटायचं, उगाच भाव खातेस. हल्ली मीही हुंगत फिरते.

मागच्या आठवड्यात एक मोठा वाडगा जमून आला. थर नीट मुरू दिला, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवला, पेस्ट लावून बफच्या चाकाला धरला. बघता बघता आरसा व्हायला लागला. मला त्यात तोंड बघायचा मोह झाला, वाडगा जरा वर सरकला आणि चाकानं तो हातातून हिसकावलाच! दारातून बाहेर, वाळत घातलेल्या चादरीवर आदळून थेट आईच्या मांडीत. आई मटार सोलत होती. मटार चौफेर. मी धावत बाहेर. तिनं वाडगा उलटसुलट करून पाहिला, तळहातानं पुसला आणि म्हणाली, "तिच्या हातून कधी उडाला नसता."

'ती' कोण, हे विचारायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी आई आपण होऊन शेडमध्ये आली, फडकं नि मेणाचा डबा ओढून बसली. मी गोल गोल पुसत होते, तर हातावर चापट. "ती असं नाही करायची. लाकडाच्या रेषेनं जायची." अगं, तू काम करताना ही दारात बसून भाजी निवडायची ना, ती भाजी निवडत नव्हती, तुझे हात बघत होती! आता शेवटचा मेणाचा हात आईचाच असतो. वर्षभर गिळलेलं तुझं नाव दिवसातून दहादा निघतं.

तर मुद्द्याचं. एका हॉटेलनं दिव्यांचे लाकडी खांब सांगितलेत, खोल्याखोल्यांत उभे राहतील एवढे. कातून मी देईन, पण लॅकर आम्हा दोघींच्या आवाक्यातला नाही. तू ये. मदतीला नको, निम्म्याची भागीदार म्हणून ये. दादाला विचारलं, तो म्हणाला, "मला कशाला विचारतेस? बोलव की." मग आईला म्हटलं, आता तिला कुठल्या नात्यानं बोलवू? तर म्हणते, "नातं त्याचं तुटलं. माझ्याशी कधी भांडली का ती?" भांडली होतीस, चिक्कार. पण मी लगेच कागद-पेन शोधायला धावले. हे लिहितेय तोवर ती माझ्यामागे उभी राहून लख्ख टेबल पुन्हा पुन्हा पुसतेय. तेव्हा उत्तर मला नको, तिला लिही. आणि अक्षर जरा मोठं काढ, चष्मा लावायचा तिला कंटाळा आहे.

तुझीच,
भुशानं माखलेली नणंद