पांढरी एकचा हट्ट

मंगळवार, २० फेब्रुवारी १९७९
रोझलिनचा आवाज आजही चिरकला. तीच ओळ, तोच वरचा सूर. आणि सगळ्यांनी आपापल्या कागदात डोकी घातली!

संगीतकार सॉल वेंडरमनची सव्वीस गाणी, चार गायक, एक पियानो. पियानोवर मी. सॉलच्या तालमींना तीस वर्षं मीच वाजवलं, म्हणून तो गेल्यावर त्याच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला हा मान. शेवटच्या आधीचं मोठं गाणं — रात्री अकराच्या सुमारास येतं म्हणून आमच्यात त्याला ‘अकराचं गाणं’ म्हणतात — रोझलिन टॅगर्टचं. १९४८ साली ब्रॉडवेवर तिनंच ते पहिल्यांदा गायलं. तेव्हा चोवीसची होती, आता पंचावन्नची आहे. पण पट्टी तीच हवी. पांढरी एक!

म्हटलं, बाई, एक सूर खाली घे. कुणाला कळणार आहे?
“मला कळेल.”

गुरुवार, २२
शेवटी मनवली. एक सूर खाली, काळी पाचमध्ये घेऊन पाहिलं. आवाज काय लागला तिचा! दिग्दर्शक कर्टिस — वय एकोणतीस, जगातलं सगळं कळतं असा समज — चक्क खुर्चीत ताठ बसला.

मी मात्र दोनदा घसरलो. त्या पट्टीत डावा हात फार ताणावा लागतो, त्यात या पियानोचा खालचा एक स्वर अडकतो. तसं सांगितलंही. कर्टिस म्हणाला, “मॉर्टी, प्रयोगात असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल हं.” हसत म्हणाला, पण म्हणाला.

लगेच रोझ म्हणते, “नको बाबा, मला नाही जमत हे. सॉलची पट्टीच बरी.” नाही जमत? आत्ता तर भिंती हलवल्यास! कपाळावर हात मारून घेतला.

शनिवार, २४
चिरकला. परत विचारते कशी — “हात कसा आहे तुझा?” माझ्या हाताला काय धाड भरलीय? तू गळ्याचं बघ.
घरी येऊन हात गरम पाण्यात धरला. यंदा थंडी जास्तच आहे.

रविवार, २५
चिरकला.

मंगळवार, २७
कर्टिसशी बोललो. रोझच्या भल्यासाठीच. पेपरवाले येणार, तिचं हसं होईल, तिला मग कुणी उभं करणार नाही. आमच्या चार गायकांतली पेनी बावीस वर्षांची आहे, हे गाणं पांढरी एकमध्ये झोपेतही गाईल. कर्टिस जणू वाटच बघत होता. रोझला म्हणे एखादं विनोदी गाणं देऊ.

आणि तिला सांगायला कुणाला धाडलं? मलाच! रोझ आरशासमोर केस विंचरत होती. वाटलं, आता फणी येते अंगावर. पण नाही.
“पेनी मूळ पट्टीतच गाणार ना?”
“हो.”
“आणि वाजवणार तूच?”
“मग दुसरं कोण?”
“मग ठीक आहे,” म्हणाली. आणि आपल्या सँडविचमधलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. मी ते तसंच कागदात गुंडाळून खिशात टाकलं. चांगली भांडली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, १ मार्च
पियानो लावणारा गस आला. म्हटलं, तो अडकणारा स्वर तेवढा बघ.
“परत?” म्हणाला. “रोझबाईंनी मागच्या शुक्रवारीच बोलावून एकेक स्वर तपासून घेतला. पियानो ठणठणीत आहे, मॉर्टी. तसं त्यांना सांगितलंही. तुला कळू देऊ नकोस म्हणाल्या होत्या... जाऊ दे, बोलून गेलो.”

दोष पियानोत नाही, हे तिला कळलं होतं. पट्टी उतरली तर माझी जागा जाईल, म्हणून बाई रोज चारचौघांत आवाज चिरकवून घेत होती. आणि मी काय केलं? तिच्याच भल्यासाठी म्हणत तिचं गाणं काढून घेतलं. शरम वाटते. चार वेळा हात गरम पाण्यात धरला, तरी बोटं मिटत नाहीत. हे पहिल्यांदाच लिहितोय.

शुक्रवार, २ मार्च
कर्टिसला सांगून आलो. गाणं रोझचं, काळी पाचमध्ये. पियानोला दुसरा माणूस बघ. त्याच्या शेजारी बसून स्वरलिपीची पानं मी उलटीन.