सातवाल्याचा बंदोबस्त

३ मार्च, मंगळवार
साहेबांनी आज जाहीर केलं. डोळ्यांच्या दवाखान्याची अपॉइंटमेंट साइट सोळाला सुरू. नीट पार पडली तर टीमला लीड नेमणार. बोलताना माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे घड्याळ आहे, पण बघत माझ्याकडेच होते.

संकल्प: रिक्वेस्ट ऑब्जेक्टची सगळी अॅट्रिब्यूट्स (म्हणजे माहितीचे रकाने) पाठ करायची. रोज एक. कोणी साइट उघडली की त्याची अख्खी कुंडली सर्व्हरला या एका ऑब्जेक्टमध्ये मिळते: काय हवंय, कुठलं पान हवंय, कुठल्या पत्त्यावरून आलाय. आज 'मेथड', म्हणजे काय हवंय ते. दहा मिनिटांत समजलं. उरलेला दिवस विश्रांती.

४ मार्च
सुट्टी. कालचं मुरायला वेळ हवा.

६ मार्च, शुक्रवार
'पाथ', म्हणजे कुठलं पान ते, झालं. 'हेडर्स' उघडलं. भेटीसोबत येणाऱ्या जादा नोंदींची भलीमोठी यादी. यात काही विशेष नसावं. सोडलं.

'रिमोट अॅड्रेस' मात्र फार आवडलं. माणूस कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून आला ते एका ओळीत, आकड्यांत! टेस्टिंगवाल्या बाई म्हणाल्या, त्याच्याखालची बारीक अक्षरांतली टीप वाचा, आणि हेडर्स सोडू नका. मान डोलावली. या बाईंना दुसऱ्याचं काम फार सुचतं.

९ मार्च, सोमवार
साइट शंभर निवडक पेशंटना वापरायला दिली. प्रत्येक भेटीचा पत्ता मी नोंदवतोय. एकाच दिवसात ४१२ भेटी. सगळ्या एकाच पत्त्यावरून, ज्याच्या शेवटी सात येतो! बाकीचे नव्व्याण्णव आळशी दिसतात. पण हा एक सातवाला साइटच्या प्रेमात पडलाय. डिझाइन माझंच आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, ४१२ वेळा यावं लागलं म्हणजे बटण सापडत नसेल. कौतुक करायची घरात पद्धतच नाही.

१२ मार्च, गुरुवार
सातवाल्यात पाणी मुरतंय. आज त्याने आईसाठी, चार वर्षांच्या मुलीसाठी आणि स्वतःसाठी एकाच मिनिटात अपॉइंटमेंट घेतली. तिघांची आडनावं वेगळी. दुपारी तो एकदा ऐंशी वर्षांचा होता, एकदा गरोदर.

हा पेशंट नाही. हल्लेखोर आहे.

१३ मार्च, शुक्रवार
मीटिंगमध्ये सांगितलं. साहेब दचकले. बाई म्हणाल्या, आपल्या सर्व्हरच्या पुढे आपलाच दुसरा एक सर्व्हर आहे, सगळी माणसं त्याच्यातून आत येतात, म्हणून तुम्हाला त्याचाच पत्ता दिसत असेल. असेल! मी ठणकावून सांगितलं, रिक्वेस्ट ऑब्जेक्ट खोटं बोलत नाही. साहेब म्हणाले, बघा बुवा, जबाबदारी तुमची. म्हणजे लीडची जागा पक्की.

बाईंनी वही मिटली. जरा वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ९.५५
साइट सुरू. सातवाला दारातच उभा. मिनिटाला तीनशे भेटी. डोकं शांत आहे.

१०.०५
तीन ओळी लिहिल्या. पत्ता सातवाल्याचा असेल तर प्रवेश बंद. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: 'तू कोण आहेस ते आम्हाला चांगलं माहीत आहे. पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस.'

१०.०७
हल्ला संपला. पूर्ण शांतता.

१०.२०
अजून शांतता. एकही माणूस नाही. खरे पेशंट घाबरून लांब राहिले असतील. येतील हळूहळू.

१०.४०
हिचा फोन. माझ्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी नंबर लावत होती. सासऱ्यांनी भिंग धरून स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचला. आता ते जेवणार नाही म्हणतायत. मी म्हटलं, घरच्या इंटरनेटमध्ये काहीतरी घोळ असेल. तिने फोन आपटला.

१०.५०
साहेबांचा फोन. दवाखान्याच्या दारात गर्दी. सगळ्यांच्या मोबाइलवर तेच वाक्य. मी विचारलं, सगळ्यांचा पत्ता तोच कसा? साहेब हळू आवाजात म्हणाले, फोन बाईंकडे द्या. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च, मंगळवार
बाईंनी काल वीस मिनिटांत साइट सुरू केली. खरे पत्ते हेडर्समध्ये होते. पुढच्या सर्व्हरने एकेका माणसाचा पत्ता तिथे इमानेइतबारे लिहून ठेवला होता. मी ते पान सोडलं होतं.

बाई आजपासून लीड. अभिनंदन केलं. त्यांनी पहिलंच काम मला दिलं: काल परत पाठवलेल्या पेशंटच्या नोंदी दवाखान्याच्या काउंटरवर बसून हाताने घ्यायच्या. नाव, तक्रार, पत्ता.

दुपारी एक आजी आल्या. म्हणाल्या, मुलाला विचारून विचारून एकेक बटण दाबलं, मग तसं का आलं? माझं काय चुकलं होतं? मी 'सर्व्हर चुकला' म्हणणार होतो. 'मी' असं तोंडातून गेलं. आजींना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, तुमचं काही नाही आजी, मी चुकलो. फार लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट जण झाले. वही बंद करण्याआधी सगळ्या नोंदी दोनदा तपासल्या. एकसष्ट माणसं. एकसष्ट पत्ते.