आ करा, सुवार्ता सांगतो

रविवार, ४ जून
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की दोन जुलैला पाहुण्यांचा रविवार. प्रत्येकाने आपापल्या कामाच्या जागी प्रभूची ओळख करून द्यायची आणि त्या दिवशी निदान एक माणूस सोबत आणायचा. इन्शुरन्सवाला लगेच उभा राहिला. म्हणाला, मी तीन आणतो. मग मलाही उठावं लागलं. सात, म्हणालो. टाळ्या पडल्या.

वाटेत बायकोने विचारलं, सात कुठून आणणार? म्हटलं, त्या इन्शुरन्सवाल्याला पाहून लोक दारं लावून घेतात. दाताच्या डॉक्टरसमोर लोक आपणहून तोंड उघडून बसतात. ती म्हणाली, तेच तर.

काय ते कळलं नाही. कौतुक असावं.

सोमवार, ५ जून
संकल्प. एक, प्रत्येक पेशंटला साक्ष द्यायची. दोन, गर्व करायचा नाही. तीन, लाळ ओढायचं सक्शनचं मशीन दुरुस्त करून घ्यायचं, त्याच्या घरघरीत वचनं वाहून जातात.

मंगळवार, ६ जून
शुभारंभ. मुख्याध्यापिका दात साफ करून घ्यायला आल्या. जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. जलप्रलयापर्यंत वरची ओळ झाली. चूळ भरायला म्हणून उठल्या त्या पर्स घेऊन थेट जिन्यात. खालचे दात तसेच राहिले. सैतान किती सावध असतो!

बुधवार, ७ जून
प्रभूची योजना बघा. रिटायर्ड पोस्टमास्तर आले. खालची दाढ, रूट कॅनल, चार सिटिंग. म्हणजे चार बुधवार! गृहस्थ शांत. बसण्याआधी चष्मा काढला, कानामागे चाचपलं, काहीतरी खिशात टाकलं आणि मान मागे टेकली. ऐकण्याची केवढी ती तयारी!

सगळे दात घासून सपाट झालेत. झोपेत दात खातात. कारण उघड आहे, पापाचं ओझं. त्यावर चाळीस मिनिटं बोललो. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. बायको रिसेप्शनवरून म्हणाली, अहो, इंजेक्शनने येतं. काही माणसांना आत्म्याचं काम दिसतच नाही.

पुढे म्हणाली, त्यांना काहीतरी बोलायचं होतं, जाताना दारात घुटमळले. म्हटलं, पुढचं वचन हवं असणार. पुढच्या बुधवारी देऊ.

बुधवार, १४ जून
विजय! ड्रिल चालू ठेवून विचारलं, ज्यांना नवं जीवन हवं त्यांनी हात वर करावा. पोस्टमास्तरांनी हात वर केला. एक नाही, दोन्ही! तरी ड्रिल थांबवलं नाही. अशा क्षणी खंड पडू देऊ नये.

बायको म्हणे, कळ आली तर हात वर करा असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? भूल उतरली असेल त्यांची.

असेल. प्रभू भूल उतरवूनही काम करतो.

सोमवार, १९ जून
या आठवड्यात नऊ अपॉइंटमेंट रद्द. एका बाईंनी फोनवर सांगितलं की दाढदुखी आपोआप थांबली. चमत्कारच, पण बोलावलं तर येत नाहीत. समोरचा न्हावी मला पाहून शटर अर्धं खाली ओढतो.

इन्शुरन्सवाल्याचे दोन झाले म्हणतात.

शास्त्रात सात हा आकडा पूर्णतेचं चिन्ह आहे. शब्दशः घ्यायचा नसतो. एक पोस्टमास्तर पुरे.

बुधवार, २१ जून
तिसरं सिटिंग. मशीनच्या वरताण आवाजात पूर्ण तारणाची योजना सांगितली आणि रविवारचं निमंत्रण दिलं. त्यांनी मान हलवली. बायकोचं मत, तुम्ही हनुवटी धरून हलवलीत. मी फक्त तोंडाचा कोन बदलत होतो.

पुन्हा दारात घुटमळले. मी पुढच्या पेशंटच्या हिरड्यांत होतो.

सोमवार, २६ जून
घात झाला. पाहुण्यांच्या रविवारी द्यायची साक्ष रोज बाथरूममध्ये मोठ्याने घोकत होतो. आवाज पार बसला. घशाच्या डॉक्टरांनी रविवार सकाळपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. कुजबुजसुद्धा नाही. बायकोने त्यांना पुन्हा विचारलं, नक्की रविवारपर्यंतच ना? काळजी करते बिचारी.

बुधवार, २८ जून
शेवटचं सिटिंग आणि माझ्या तोंडाला कुलूप. फक्त कॅप बसवायची होती, ड्रिलचं काम नाही. सिमेंट धरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो.

कॅप पक्की झाल्यावर दुसरा कोणी पेशंट नव्हता, तर हे गृहस्थ बोलायला लागले. त्यांची बायको सात महिन्यांपूर्वी गेली. तिच्या बहिणीला कळवायचा धीर झाला नाही. ती म्हातारी दूर राहते, दर पंधरा दिवसांनी बहिणीच्या नावाने पत्र पाठवते. पत्रं न फोडता कपाटात ठेवलीत, चौदा. म्हणाले, डॉक्टर, जन्मभर लोकांची पत्रं बिनचूक पोचवली, हीच मला पोचवता येईनात. रडले. पाऊण तास गेला. इतकी योग्य वचनं ओठांवर येत होती, पण घसा! शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

जाताना काउंटरवरचं निमंत्रणाचं कार्ड उचललं. मागची बाजू कोरी आहे. यादीबिदी लिहायला नेलं असणार.

आजचं सिटिंग पूर्ण वाया.

रविवार, २ जुलै
आले! पोस्टमास्तर आले! स्वच्छ सदरा घालून, एकटे, दहा मिनिटं आधी. इन्शुरन्सवाल्याचे दोन, त्यातला एक त्याचा मेहुणा. मी पुढच्या बाकावर नम्र चेहरा करून बसलो. पाळकसाहेबांनी पाहुण्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

पोस्टमास्तर म्हणाले, मला ऐकू कमी येतं. ड्रिलच्या आवाजाने कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून खुर्चीत बसताना काढून खिशात ठेवतो. पहिल्या तीन वेळा डॉक्टर मास्कच्या आड काही म्हणत असतील तर मला काही कळलं नाही. शेवटच्या वेळी यंत्र कानात होतं. डॉक्टर पाऊण तास एक अक्षर बोलले नाहीत, नुसतं ऐकत होते. बायको गेल्यापासून माझ्यासाठी इतका वेळ गप्प कोणी बसलं नव्हतं. काल मेहुणीला पत्र टाकलं. असा माणूस दर रविवारी कुठे जातो ते बघावं म्हणून आलो. डॉक्टर फार मितभाषी आहेत.

सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. इन्शुरन्सवाल्याला ठसका लागला, त्याला बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं. बायको रुमालात तोंड खुपसून होती. भावना अनावर झाल्या असाव्यात.

साक्ष द्यायची राहून गेली. तीन बुधवारची प्रवचनं त्यांच्या खिशात गेली!

बुधवार, ५ जुलै
पाळकसाहेबांचा फोन. पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे बोलावं अशी त्यांची इच्छा. विषय, ऐकून घेण्याची सेवा. दहा मिनिटं म्हणाले. विषयाचा आवाका त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. अकरा मुद्दे काढलेत, घाईघाईत उरकलं तरी सव्वा तास.

जेवताना बायको बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी आठव्या मुद्द्यावर होतो. हात धुताना विचारलं, काय म्हणत होतीस? ती म्हणाली, काही नाही, उद्या पोस्टमास्तर कॅप दाखवायला येणार आहेत, त्यांनाच सांगेन.